घराजवळचा ९ बास्केटचा डिस्क गोल्फ कोर्स: काय मागावं, काय आहे तसंच राहू द्यावं?

तिसरी_फेक (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवा आहे आणि जरा लवकर हवा आहे.

घरापासून चालत दहा मिनिटांवर एक बाग आहे. तिच्या मागच्या अंगाला ९ बास्केटचा छोटासा डिस्क गोल्फ कोर्स आहे. गेलं वर्षभर मी तिथे आठवड्यातून तीन-चारदा खेळतो. परवा बागेची देखभाल बघणाऱ्यांनी आम्हाला तिथेच गाठलं. म्हणाले, "तुम्ही रोजची माणसं. काय बदलायचं ते लिहून द्या. पण दोन-तीन गोष्टींच्या वर काही जमणार नाही." आम्ही पाच-सहा जण यादी करायला बसलो. तासाभरात सतरा मुद्दे झाले, दोघांची जुंपली आणि कागद माझ्याच खिशात राहिला.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गोल्फच, फक्त चेंडूऐवजी डिस्क आणि खड्ड्याऐवजी खांबावर साखळ्या लावलेली बास्केट. पहिली फेक टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून; टी ते बास्केट म्हणजे एक होल. डिस्क पडेल तिथून पुढची फेक. कमी फेकींत बास्केट गाठेल तो जिंकला.

आता कोर्स. नऊही होल पार ३ (तीन फेकींत पूर्ण व्हावीत अशी), म्हणजे एकूण २७. माझा आजवरचा सगळ्यात चांगला आकडा २९, आणि तो दिवस मला अजून तारखेसकट आठवतो. सर्वात छोटं पाचवं होल, जेमतेम ४० मीटर. सर्वात लांब आठवं, ८५ च्या आसपास. दोघंच असलो तर पाऊण तासाच्या आत फेरी होते. कामावरून आल्यावर उजेड असेतो एक फेरी, कधी दोन. माझ्या लेखी हाच या कोर्सचा सगळ्यात मोठा गुण. १८ होलांचा मोठा कोर्सही आहे, पण तिथे जायचं म्हणजे अख्खी सुट्टी खर्ची पडते.

दुसरा गुण म्हणजे तिसरं होल. समोर दोघांच्या कवेत मावणार नाही असं जुनं झाड आणि बास्केट बरोबर त्याच्या पाठीमागे, उतारावर. उजवीकडून वळसा घालून बॅकहँड टाकली तर डिस्क शेवटी डावीकडे वळून येते खरी, पण उतारही डावीकडेच आहे. कड जमिनीला टेकली की चाकासारखी गडगडत खालच्या झुडपांत जाते. डावीकडून फोरहँड टाकली तर चढाच्या अंगाला आपटून जागच्या जागी बसते, पण तिकडची फट आहे दोन हातांची. वर्षभर खेळूनही टीवर उभं राहिलो की मी घुटमळतो. असं होल मोठ्या कोर्सवरही नाही.

दोष भरपूर. टी म्हणजे मातीत ठोकलेल्या दोन खुंट्या. पाय ठेवून ठेवून मध्ये खळगा झालाय आणि पावसानंतर त्यात पाणी. सातव्याची बास्केट कललेली, साखळ्या विरळ. चांगली मारलेली पट (बास्केटजवळची शेवटची फेक) सुद्धा आरपार निघून जाते. पाट्या कुठेच नाहीत, त्यामुळे नवा माणूस दुसऱ्यावरून थेट पाचव्याच्या टीवर जाऊन उभा राहतो. आठवं सोडलं तर सगळीकडे तीच ती मध्यम लांबी. नवव्याची बास्केट आणि पहिल्याची टी एकमेकींच्या फार जवळ. शिवाय बागेची पायवाट चौथं होल आडवं ओलांडते आणि सहाव्याच्या डाव्या अंगाने समांतर जाते. पण लोक सांभाळून असतात. एकदा माझी डिस्क सहाव्यावरून वळून वाटेपलीकडच्या बाकाखाली जाऊन थांबली. बाकावर एक आजोबा बसले होते. त्यांनी वाकून उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि "छान उडते हो" म्हणून परत दिली. तेव्हापासून आमच्यात सहाव्याला आजोबा होलच म्हणतात.

माझी स्वतःची पसंती अशी: आठव्याच्या मागे मोकळी जागा पडून आहे, तिथे १२०-१३० मीटरची दोन होल, सगळ्या बास्केट नव्या, आणि जमलं तर पक्के टी. जाणकारांनी प्रकाश टाकावा. तुमच्याकडे असा छोटा कोर्स असेल तर तिथे काय केलं तेही सांगा.

मोकळा_वारा

लांब होलांना +१००. छोटा कोर्स म्हणजे शेवटी पटिंगचा सराव, दुसरं काय? माझ्या पिशवीत चार ड्रायव्हर (लांब फेकायच्या डिस्क) आहेत. आमच्या इथल्या छोट्या कोर्सवर ते फक्त वजन म्हणून फिरतात. जागा पडून असेल तर दोन नाही, तीन मागा.

साखळीनाद

सल्ल्याआधी दोन प्रश्न. ८५ मीटर मोजलेत की अंदाज? आणि आजोबांचा बाक टीपासून किती लांब आहे?

डावखुरा

वर्णनावरून एक गोष्ट लक्षात आली, ती तुमच्या सतरा मुद्द्यांत नसणार. बहुतेक होल उजव्या हाताच्या बॅकहँडला सोयीचे दिसतायत, म्हणजे शेवटी डावीकडे वळणारे. डिस्क घड्याळाच्या काट्यांसारखी फिरत असेल तर वेग ओसरल्यावर ती डावीकडे झुकते. आम्हा डावखुऱ्यांचं उलटं. छोट्या कोर्सवर हे फार जाणवतं. ९ होलांपैकी ७ डावीकडे वळत असतील तर उजव्या हाताच्या खेळाडूला वर्षभर एकच फेक येत राहते आणि त्याला वाटतं आपण सुधारलो. मग मोठ्या कोर्सवर गेलं की उजवीकडचं पहिलं वळण आलं की पंचाईत.

मोजून बघा: किती डावीकडे, किती उजवीकडे, किती सरळ. लांबीपेक्षा हा हिशोब महत्त्वाचा. हे दुरुस्त करायला जागाही लागत नाही. टी दहा पावलं बाजूला सरकवली तर तेच झाड दुसऱ्या बाजूने आडवं येतं.

तिसरी_फेक

@साखळीनाद, तुमच्यामुळे आज टेप घेऊन गेलो. लाज वाटते सांगायला, पण आठवं ८५ नाही, ७१ मीटर आहे. वर्षभर छाती पुढे काढून सांगत होतो. पहिलं ५२, तिसरं ५८, चौथं ६६, सहावं ६३. बाक टीपासून ४८ मीटरवर आणि फेअरवेच्या (टी ते बास्केटच्या पट्ट्याच्या) मध्यरेषेपासून डावीकडे ११ मीटर.

@डावखुरा, ६ डावीकडे, २ सरळ, १ उजवीकडे. उजवीकडचं म्हणजे पाचवं, ४० मीटरचं. तेही आम्ही सगळे पटरने (जवळच्या फेकींच्या डिस्कने) सरळच मारतो.

साखळीनाद

४८ मीटर आणि ११ मीटर. मग आता स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

आजोबांचा किस्सा गमतीचा नाही. सहाव्याची जी रचना तुम्ही सांगताय, तिच्यात डिस्क त्या बाकावर जाणं हा अपघात नव्हे, तोच तिचा नेहमीचा रस्ता. उजव्या हाताचा नवखा खेळाडू काय करतो? सगळ्यात वेगवान ड्रायव्हर काढतो. डिस्कवर चार आकडे असतात: वेग, तरंग, सुरुवातीचं वळण आणि शेवटचं वळण. वेगाचा आकडा १२ असलेली डिस्क नीट उडायला हाताचा वेगही तेवढाच लागतो. तो नसला की डिस्क सरळ जायच्या आधीच डावीकडे कोसळते. कुठे? ४०-५० मीटरवर, डावीकडे. म्हणजे तुमच्या बाकावर.

त्यातल्या त्यात बरं एवढंच, की शेवटाकडे डिस्कचा वेग पडलेला असतो. उजवी बाजू याहून वाईट. डिस्क हातातून उशिरा सुटली की ती उजवीकडे जाते आणि पूर्ण वेगाने जाते. म्हणून वाट उचलून उजवीकडे नेली की काम झालं, असं समजू नका. डावीकडे जाणाऱ्या डिस्क पुष्कळ पण दमलेल्या, उजवीकडे जाणाऱ्या थोड्या पण ताज्या. वाट दोन्ही बाजूंना नको, आणि टीच्या पुढे तर नकोच.

चौथं मला सहाव्यापेक्षा कमी धोक्याचं वाटतं, हे विचित्र वाटेल. आडवी वाट टीवरून दिसत असेल तर माणूस थांबतो, चालणारा निघून जातो, मग फेकतो. समांतर वाटेवर मात्र कोणी ना कोणी कायम असतंच, आणि "तो तर बाजूला आहे" म्हणून आपण फेकतोच. नियमांतही आहे की कुणाला लागू शकेल अशी शक्यता असेल तर फेकायचंच नाही. पण तुमच्या सहाव्यावर हा नियम पाळायचा म्हटलं तर संध्याकाळी फेरी पुढेच सरकणार नाही. जिथे नियम पाळणंच शक्य नाही तिथे दोष खेळाडूचा नसतो, होलचा असतो.

म्हणून यादीत पहिलं सहावं. दुसरं नवव्याची बास्केट आणि पहिल्याची टी. पट चुकून पुढे गेली तर तिथे फेरी सुरू करायला थांबलेल्यांच्या नडगीवर बसणार. लांब होल यादीतून काढा. इतकी छोटी यादी असताना "आम्हाला लांब फेकायचंय" हे वाचून समोरचे काय म्हणतील याचा विचार करा.

मोकळा_वारा

जरा अती होतंय. पायवाट ओबी (आऊट ऑफ बाउंड्स, हद्दीबाहेर) करा, विषय संपला. वाटेवर किंवा पलीकडे डिस्क गेली की एक फेक दंड. लोक आपोआप उजवीकडून खेळतील.

साखळीनाद

ओबी म्हणजे दंड, भिंत नव्हे. ज्याला डिस्क सरळ टाकता येते तो दंडाच्या भीतीने आणखी सावध होईल. ज्याला येत नाही त्याची डिस्क बाकावर जाणारच, फक्त त्याच्या खात्यात एक आकडा वाढेल. धोका दुसऱ्याकडूनच आहे.

मँडोचंही तेच. या झाडाच्या उजवीकडूनच डिस्क गेली पाहिजे अशी सक्ती केली तर चांगले खेळाडू पाळतात, पण झाडाच्या पुढे गेल्यावर डिस्क डावीकडे वळायची ती वळतेच. बास्केट नाहीतर टी हलवल्याशिवाय सहावं सुधारणार नाही.

रोजची_चाल

मी हा खेळ खेळत नाही. चुकून धाग्यात आले, पण वाचून राहवलं नाही.

मी ज्या बागेत रोज चालते तिथेही असा कोर्स आहे. मागच्या वर्षी एक डिस्क माझ्या पोटरीला लागली. रक्त आलं नाही, पण काठ लागला तिथे आठवडाभर काळं-निळं होतं. फेकणारा मुलगा धावत आला, दहा वेळा माफी मागितली. मुलगा गुणी होता. अडचण अशी की मला ते तिथे खेळतात हेच माहीत नव्हतं! साखळ्या लावलेल्या त्या पिंजऱ्याला मी दोन वर्षं कचऱ्याची टोपली समजत होते. (हसू नका, एकदा त्यात कागद टाकलाही आहे.)

तुम्ही म्हणता "लोक सांभाळून असतात". लोक सांभाळून नसतात हो, लोकांना माहीतच नसतं. तुमच्या पाट्या टीवर हव्यात तशा आमच्याही वाटेवर हव्यात: "पुढे डिस्क गोल्फ चालू आहे, डिस्क उजवीकडून येते." मला कळलं तर मी त्या बाजूला बघत तरी जाईन.

आणि एक विचारायचं होतं. ती डिस्क नेमकी किती जड असते? मला विटेसारखी लागली.

जुना_पटर

@रोजची_चाल, जास्तीत जास्त पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. ड्रायव्हरचा व्यास साधारण २१ सेंटीमीटर असतो आणि नियमाने दर सेंटीमीटर व्यासाला ८.३ ग्रॅमच्या वर वजन चालत नाही. पण तुम्हाला लागलं ते वजन नव्हे, काठ. ड्रायव्हरचा काठ निमुळता असतो, हवा कापायला. पटरचा काठ जाड आणि बोथट. पटरही लागतोच, पण फरक पडतो.

कागदाचं म्हणाल तर मी साखळ्यांत याहून वाईट गोष्टी पाहिल्या आहेत.

आता धागाकर्त्यांसाठी. सहावं हलेपर्यंत आजपासूनच एक करा: चौथ्या आणि सहाव्यावर फक्त पटर आणि मिडरेंज (मधल्या पल्ल्याच्या डिस्क). कुणाची परवानगी नको, तुम्ही पाच-सहा जणांनी सुरू करा. ६३ मीटरला ड्रायव्हर लागत नाहीच. तुम्हाला पटरने ६० मीटर जात नसेल तर ड्रायव्हर ती उणीव फक्त झाकतोय.

त्यावरून लांबीच्या वादाविषयी. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह इथे एड हेड्रिक यांनी पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला, तेव्हा बास्केटही नव्हत्या, खांब होते. डिस्क खांबाला लागली की होल झालं. साखळ्यांची बास्केट त्यानंतर आली, तिचं पेटंट १९७७ चं. आणि त्या वेळच्या डिस्क आजच्या ड्रायव्हरसारख्या नव्हत्या, साध्या फ्रिसबीच्या जातीच्या. म्हणजे हा खेळ उभा राहिला तो तुमच्या-आमच्या छोट्या कोर्ससारख्या लांबीवरच.

२०२१ ची जागतिक स्पर्धा आठवा. शेवटचं होल, जेम्स कॉनरॅड एका फेकीने मागे, बास्केट साधारण ७५ मीटरवर. त्याने तिथून थेट साखळ्यांत टाकली, पॉल मॅकबेथशी बरोबरी केली आणि प्लेऑफमध्ये जिंकला. ७५ मीटर, म्हणजे तुमच्या आठव्याच्या टीवरून चार पावलं मागे. @मोकळा_वारा, त्या अंतरावरून तुमच्या किती डिस्क बास्केटच्या १० मीटरच्या वर्तुळात बसतात ते दहा फेकी मारून इथे लिहा. मग तीन लांब होल मीही मागतो.

मोकळा_वारा

आव्हान मंजूर. उद्या.

माती_आणि_मुळं

सुरक्षिततेवर बोलून झालंय, त्यात भर घालत नाही. टी आणि झाडांबद्दल लिहितो, कारण या दोन गोष्टी लोक "नंतर बघू" म्हणतात आणि नंतर बघायला काही उरत नाही.

टी. मातीच्या टीवर पाणी साचतं, पुढचा पाय घसरतो आणि फेकताना सगळं अंग त्याच पायावर फिरत असतं. घोटा नाहीतर गुडघा जातो. सिमेंटची फरशी चांगली, पण दोन गोष्टी बघा. पृष्ठभाग गुळगुळीत नको. ओला असतानाच खराट्याने ओरखडे काढून घ्यायचे. आणि फरशीच्या पुढची माती फरशीच्या पातळीला हवी. आमच्याकडे एका वर्षात पुढची माती झिजून चार बोटांची पायरी झाली. फेकल्यावर पाऊल पुढे पडतं ते नेमकं त्या पायरीवरून खाली. पक्क्या टीवर झालेली दुखापत मातीच्या टीवरच्यापेक्षा वाईट होती. साधारण ३ मीटर लांब, दीड मीटर रुंद पुरते. ९ एकदम होणार नाहीत. ज्या टी हलणार असतील त्या तर आत्ता बांधूच नका! आधी सहावं, नववं ठरू द्या. सिमेंट ओतल्यावर चूक कायमची होते.

झाडं. तिसऱ्यावरचं ते जुनं झाड तुमच्या कोर्सचा जीव आहे, तर त्याचं खोड एकदा जवळून बघा. टीच्या बाजूची साल सोललेली असेल, डिस्कच्या काठाचे आडवे वार दिसतील. मोठं झाड बरंच सोसतं, पण बास्केटभोवतीची माती पायांनी तुडवून दगडासारखी झाली की मुळांना पाणी-हवा मिळत नाही, आणि उतारावर वरची माती वाहून मुळं उघडी पडतात. उपाय महागडा नाही. त्या होलला बास्केटच्या दोन जागा करायच्या. जमिनीत दोन नळ्या रोवून ठेवायच्या, खांब आज यात, दोन महिन्यांनी त्यात. एका जागेला विश्रांती मिळते, आणि तुमच्यासारख्या रोज खेळणाऱ्याला वर्षातून दोन वेगळी होल मिळतात. उघड्या मुळांवर लाकडाचा भुसा आणि फांद्यांचे तुकडे पसरा, वर्षातून एकदा तरी.

बास्केट सगळ्या नव्या कशाला? कललेली सरळ करायला एक पहार आणि अर्धा दिवस पुरतो.

डावखुरा

दोन जागांच्या कल्पनेला जोरदार सहमत. त्यातच माझंही काम होईल: दुसरी जागा अशी निवडा की होल उजवीकडे वळेल.

मोकळा_वारा

७५ मीटर, दहा फेकी. वर्तुळात: ३. एक झाडावर अडकली ती अजून तिथेच आहे. एक बास्केटच्या डोक्यावर जाऊन बसली, आणि कुणी विचारण्याआधीच सांगतो, हो, ती होल झालेली मोजत नाहीत हे मला माहीत आहे.

चौदा दिवस फक्त दोन पटर घेऊन खेळणार. लांब होलांची मागणी तूर्तास मागे. तूर्तास.

तिसरी_फेक

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. उत्तर द्यायला आठवडा लागला कारण मधल्या काळात बरंच घडलं.

रविवारी पहाटे, बागेत कुणी नसताना आम्ही चौघं गेलो. बास्केट उपटता येत नव्हती, म्हणून एका काठीला लाल फडकं बांधून तीच बास्केट समजली. सहाव्याच्या टीला हात लावला नाही, फक्त निशाण उजवीकडे २० मीटर सरकवलं, दोन झाडांच्या पलीकडे. मग प्रत्येकी दहा फेकी. पहिल्या दहांत दोन डिस्क तरीही वाटेवर! कारण टीवरून उभं राहिल्यावर नजर सवयीने जुन्याच दिशेला जाते. मग टीसुद्धा फिरवली, खुंट्या उपटून तिरक्या ठोकल्या. त्यानंतरच्या तीस फेकींत वाटेवर एकही नाही. चार उजवीकडच्या झुडपांत गेल्या, तिथे कुणी चालत नाही, फक्त आम्ही शोधत बसतो. एक हिरवी डिस्क तीन मिनिटांत सापडली नाही, ती तिसऱ्या दिवशी सापडली. पानांच्या रंगाची डिस्क विकत घेणाऱ्या माणसाचं नाव मी सांगत नाही, धाग्याच्या पहिल्या ओळीत आहे.

गंमत म्हणजे सहावं आता उजवीकडे वळतं. @डावखुरा, ५-२-२.

नवव्याचं सोपं निघालं. बास्केट तिथेच, पहिल्याची टी झाडामागे बारा पावलं नेली. पहिलं होल आपोआप ६० च्या वर गेलं, म्हणजे थोडी लांबी फुकटात मिळाली.

तिसऱ्यावरचं झाड जवळून पाहिलं. @माती_आणि_मुळं, तुम्ही म्हणालात तसंच आहे. माझ्या गुडघ्यापासून डोक्यापर्यंत साल ओरबाडलेली आहे. यातले किती वार माझे असतील याचा अंदाज केला आणि पुढचा विचार सोडून दिला. पावसाळी खळग्यातून वाहिलेल्या पाण्याने खालच्या बाजूची मुळं बोटभर उघडी आहेत. वर्षभर त्यावर पाय ठेवून पट मारत होतो.

कागदावर शेवटी तीनच गोष्टी गेल्या. सहावं फिरवणं आणि पहिल्याची टी मागे नेणं, हे एकत्र. वाटेवर दोन पाट्या, @रोजची_चाल यांचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं. तिसऱ्याला बास्केटची दुसरी जागा आणि मुळांवर भुसा. पक्क्या टी पुढच्या खेपेला. सातव्याची बास्केट आम्हीच सरळ केली. खांबाचं तळाचं माप चुकल्यामुळे ती आता उलट बाजूला किंचित कललीय, पण तेवढं चालतं. साखळ्या विरळच आहेत, पट जरा हळू मारतो.

देखभालवाल्यांनी कागद वाचला. एकाने विचारलं, "मैदानावर लांबचं काही नको? आम्हाला वाटलं तुम्ही तेच मागाल."

काल संध्याकाळी तात्पुरत्या सहाव्यावर पहिली रीतसर फेरी खेळलो. आजोबा बाकावर होतेच. मी मुद्दाम जाऊन सांगितलं की आता डिस्क इकडे येणार नाही, निवांत बसा. ते थोडा वेळ नव्या निशाणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एकही नाही येणार?"

मोकळा_वारा

त्यांना एक जुना पटर द्या. आणि नवं सहावं नेमकं किती मीटर झालं ते लिहिलं नाहीत. या वेळी टेपने.

तिसरी_फेक

५७. टेपने. पटर दिला. पाचव्यावर घेऊन गेलो, पाच फेकींत बास्केट. आज सकाळी माझ्या आधी येऊन टीवर उभे होते.